एका सज्जनाची वंशावळ

काही घरांत पत्र्याच्या पेटीच्या तळाशी घडी घातलेला एक लांब कागद असतो. सर्वांत वर एक नाव, त्याखाली दोन-तीन नावे, त्याखाली आणखी पाच-सात. उर्दूत आपण त्याला शजरा म्हणतो. मराठीत त्याला वंशावळ म्हणतात. माझ्या नानांच्या घरी असा एक कागद होता. लहानपणी मी त्यात माझ्या अम्मीचे नाव शोधले. ते सापडले नाही. नानांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की शजऱ्यात मुलींची नावे लिहीत नाहीत. त्या वेळी मला ते पटले. पुढे शिक्षक झाल्यावर इतिहासाची पुस्तके वाचू लागलो, तेव्हा असा कागद किती अपुरा असतो हे कळले.

आज आपण एका इंग्रज गृहस्थाची वंशावळ शोधणार आहोत. त्यांचे नाव ग्रॅनव्हिल शार्प. ते अठराव्या शतकात होऊन गेले. गुलाम म्हणून विकल्या जाणाऱ्या माणसांसाठी त्यांनी आपले आयुष्य खर्च केले. त्यांचा गुलामगिरीविरुद्धचा लढा पुष्कळ पुस्तकांत आढळतो. पण ते कोणत्या घरातले होते, त्यांचे पूर्वज कोण होते, आणि हे सारे आपल्याला कशावरून कळते, ते आज पाहू.

आधी एका शब्दाची ओळख करून घ्या. मराठीत ‘सज्जन’ म्हणजे चांगल्या स्वभावाचा माणूस. इंग्रजीतला ‘जेंटलमन’ हा शब्द आज जवळपास त्याच अर्थाने वापरतात. अठराव्या शतकात मात्र तो समाजातील दर्जा दाखवणारा शब्द होता. ज्याला पोटासाठी हाताने कष्ट करावे लागत नाहीत, ज्याचे घराणे प्रतिष्ठित आहे, तो जेंटलमन. जुन्या कागदात नावापुढे हा शब्द दिसला, म्हणजे तो माणूस दयाळू होता असे समजायचे नाही. ग्रॅनव्हिल शार्प दोन्ही अर्थांनी सज्जन होते, पण तरुणपणी ते कापडाच्या दुकानात उमेदवारी करीत होते. उमेदवार म्हणजे काम शिकण्यासाठी मालकाकडे राहणारा मुलगा. तेव्हा एका कागदात कापडवाल्याचा उमेदवार आणि दुसऱ्या कागदात मोठ्या घराण्यातला गृहस्थ अशा नोंदी दिसल्या, तर ही दोन वेगळी माणसे आहेत असे एखाद्याला सहज वाटेल.

वंशावळ शोधताना सुरुवात शेवटापासून करतात. जे नक्की माहीत आहे तेथून एकेक पायरी मागे जायचे. पणजोबांपासून खाली यायला लागलात, तर एकाच नावाची चार माणसे भेटतील आणि तुम्ही चुकीच्या घरात शिराल. म्हणून आपणही कबरीपासून सुरुवात करू. ग्रॅनव्हिल शार्प यांचा मृत्यू ६ जुलै १८१३ रोजी झाला. लंडनजवळ थेम्स नदीच्या काठी फुलम नावाचे गाव होते. आज ते लंडन शहरातच मोडते. तेथील चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांचा भाऊ विल्यम आणि बहीण एलिझाबेथ यांनाही तेथेच दफन केले आहे. त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १७३५ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील डरहॅम या शहरात झाला.

इतक्या जुन्या जन्माची नोंद कशी राहिली? इंग्लंडमध्ये १५३८ साली असा हुकूम निघाला, की प्रत्येक चर्चने एक वही ठेवावी आणि आपल्या भागातील बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची नोंद त्यात करावी. बाप्तिस्मा म्हणजे मुलाला ख्रिस्ती धर्मात दाखल करण्याचा विधी. सरकारी कचेरीत जन्म-मृत्यूची नोंद होऊ लागली ती १८३७ पासून. त्याआधीच्या तीनशे वर्षांसाठी या वह्या हाच मोठा आधार. त्यांच्याबरोबर मृत्युपत्रेही उपयोगी पडतात. मृत्युपत्र म्हणजे आपले वसियतनामे. माणूस आपला पैसा कोणाला द्यायचा हे लिहिताना सहसा नाती विसरत नाही.

या वह्यांत एक गंमत आहे. ती माहीत नसेल तर चांगला शहाणा माणूसही फसतो. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायद्याने नवे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नसे, २५ मार्चला सुरू होत असे. म्हणजे डिसेंबर १७१३ नंतर येणारा फेब्रुवारीही १७१३ चाच! ग्रॅनव्हिल यांच्या आजोबांचा मृत्यू आपल्या हिशेबाने २ फेब्रुवारी १७१४ रोजी झाला, पण त्या काळच्या कागदात ते वर्ष १७१३ असे लिहिले जाई. समजा, एखाद्या मुलाचा बाप्तिस्मा डिसेंबर १७१३ मध्ये झाला आणि तो फेब्रुवारी १७१३ मध्ये वारला अशी नोंद आहे. मुलगा जन्मण्याआधीच वारला काय? नाही. फक्त वर्ष बदलण्याची तारीख वेगळी होती. १७५२ साली ही पद्धत बदलली. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली. मधले ११ दिवस दिनदर्शिकेतून गाळले गेले. हिजरी आणि इसवी अशा दोन सनांचा हिशेब आपल्या घरात रोज चालतो, तेव्हा ही अडचण तुम्हाला इतरांपेक्षा लवकर समजेल.

आता एकेक पायरी मागे जाऊ. ग्रॅनव्हिल यांचे वडील टॉमस शार्प. ते नॉर्थंबरलँड भागातील चर्चचे एक मोठे अधिकारी होते. टॉमस यांचे वडील जॉन शार्प. ते १६९१ ते १७१४ या काळात यॉर्कचे आर्चबिशप होते. इंग्लंडच्या चर्चमध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपनंतर यांचाच मान. राणी अ‍ॅनच्या दरबारी गरिबांना दान वाटण्याचे खातेही त्यांच्याकडे होते. आणि या आर्चबिशपांचे वडील कोण? ब्रॅडफर्ड गावातील एक व्यापारी! त्यांचेही नाव टॉमस शार्प. मीठ, तेल, रंग असा माल ते विकत. पाहा, व्यापाऱ्याचा मुलगा आर्चबिशप झाला, आणि आर्चबिशपचा नातू पुन्हा कापडाच्या दुकानात गेला. चार पिढ्यांत घर वर चढले आणि पुन्हा बाजारात आले. कारण साधे होते. ग्रॅनव्हिल यांना आठ मोठे भाऊ आणि पाच धाकट्या बहिणी. काही भाऊ लहानपणीच वारले. जे जगले त्यांच्या शिक्षणावर पैसा खर्च झाला. ग्रॅनव्हिल यांची पाळी आली तेव्हा तिजोरी रिकामी होत आली होती.

वडिलांकडची वाट अशी सरळ आहे. पण त्यात ‘ग्रॅनव्हिल’ हे नाव कोठेही नाही. टॉमस, जॉन, पुन्हा टॉमस. इंग्लंडमध्ये मुलांची हीच नेहमीची नावे. मग हे वेगळे नाव आले कोठून?

ते आईकडून आले. ग्रॅनव्हिल यांच्या आईचे नाव ज्युडिथ. ती सर जॉर्ज व्हीलर यांची मुलगी. हे सर जॉर्ज मोठे प्रवासी होते. १६७५-७६ च्या सुमारास त्यांनी तुर्की साम्राज्यात प्रवास केला, इस्तंबूल व अथेन्स पाहिले आणि १६८२ साली त्या प्रवासाचे पुस्तक छापले. ज्युडिथची आई ग्रेस. ग्रेसची आई ब्रिजेट. आणि ब्रिजेटचे वडील सर बेव्हिल ग्रेनव्हिल. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झाले. त्यात सर बेव्हिल राजाच्या बाजूने लढले आणि १६४३ साली बाथ शहराजवळच्या लढाईत मारले गेले. तेच हे घराणे. ग्रेनव्हिल, ग्रॅनव्हिल अशी त्याची वेगवेगळी रूपे कागदांत दिसतात, कारण त्या काळी आडनावांचे लेखन पक्के ठरलेले नव्हते. म्हणजे आई, आजी, पणजी आणि मग खापरपणजोबा, अशा चार पायऱ्या चढलो तेव्हा एका नावाचा उलगडा झाला. या पायऱ्यांपैकी तीन स्त्रिया आहेत. माझ्या नानांच्या पद्धतीने लिहिले असते, तर ही शिडी मुळात उभीच राहिली नसती. शिवाय ब्रॅडफर्डचे शार्प पार्लमेंटच्या पक्षाचे होते. एका मुलाच्या अंगात युद्धाच्या दोन्ही बाजूंचे रक्त आले!

येथे भाषेबद्दल थोडे सांगतो. उर्दूत आपण वडिलांच्या वडिलांना दादा म्हणतो आणि आईच्या वडिलांना नाना. मराठीत दोघेही आजोबा. आणि मराठीत ‘दादा’ म्हणजे मोठा भाऊ! मराठी मित्राच्या घरी ‘दादा कोठे आहेत?’ असे विचारले तर कॉलेजात जाणारा एखादा मुलगा पुढे येईल. मात्र भावंडांच्या बाबतीत मराठी चोख आहे. चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ. उर्दूतही चचाजाद, मामूजाद, खालाजाद, फुफीजाद असे चार शब्द आहेत. इंग्रजीत या सर्वांना मिळून ‘कझिन’ हा एकच शब्द. जुन्या इंग्रजी पत्रांत तर तो कोणत्याही दूरच्या नातलगाला लावीत, आणि मेहुण्यालाही ‘भाऊ’ म्हणत. म्हणून इंग्रजी कागदातील नात्याचा शब्द दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहिल्याशिवाय वंशावळीत लिहू नये.

पुरावा नेहमी कागदच असतो असे नाही. शार्प घराण्याचा सर्वांत सुंदर पुरावा म्हणजे एक चित्र. योहान झोफनी नावाच्या चित्रकाराने ते १७७९ ते १७८१ या काळात रंगवले. शार्प भावंडांना संगीताचे वेड होते. थेम्स नदीत त्यांची मोठी नाव असे. तीवर ते सारे मिळून वाद्ये वाजवीत आणि काठावर लोक ऐकायला जमत. चित्रात नावेवर जमलेले हे सारे कुटुंब आहे. विल्यम सर्वांत वर उभे आहेत. ते शस्त्रवैद्य होते आणि सकाळी गरिबांना फुकट तपासत. दुसरे भाऊ जेम्स लोखंडी सामानाचे व्यापारी. थोरले जॉन चर्चचे अधिकारी. त्यांनी समुद्रकाठच्या बँबरो किल्ल्यात गरिबांसाठी दवाखाना, शाळा आणि स्वस्त धान्याचे कोठार चालवले. ग्रॅनव्हिल स्वतः सनई-बासरीसारखी वाद्ये वाजवीत. काही चिठ्ठ्यांवर ते नावाऐवजी नुसते ‘जी’ लिहून पुढे संगीतातील ‘शार्प’ हे चिन्ह काढीत. हे चित्र रंगवणारे झोफनी १७८३ साली हिंदुस्थानात आले आणि लखनौला नवाब आसफुद्दौलाच्या दरबारी पोचले. तेथील त्यांची चित्रेही प्रसिद्ध आहेत.

आता ग्रॅनव्हिल यांच्या उमेदवारीकडे वळू. १७५० साली, चौदा वर्षांच्या वयात, ते लंडनमधील टॉवर हिल येथे एका कापडवाल्याकडे राहू लागले. पहिला मालक क्वेकर पंथाचा होता. पुढे त्यांना वेगवेगळ्या पंथांचे मालक भेटले. एका घरात ख्रिस्ती धर्मग्रंथावर वाद निघाला. समोरचा माणूस म्हणाला की तुला मूळ ग्रीक येत नाही. ग्रॅनव्हिल ग्रीक शिकले. पुढे एका यहुदी माणसाशी वाद झाला, तेव्हा ते हिब्रू शिकले. वादात मोठ्याने बोलणारे पुष्कळ असतात. त्यासाठी नवी लिपी शिकणारा मला तरी दुसरा माहीत नाही.

त्यांच्या मालकांपैकी एक होते हेन्री विलोबी. साधे व्यापारी. पण त्यांचे म्हणणे होते की आपण विलोबी ऑफ पॅरम या उमराव घराण्याचे खरे वारस आहोत. ऐकून लोक हसले असतील. ग्रॅनव्हिल हसले नाहीत. त्यांनी त्या घराण्याचे कागद शोधायला सुरुवात केली. हकिकत अशी निघाली. त्या घराण्याची थोरली शाखा १६८० च्या सुमारास संपली. तिच्यानंतर ज्या शाखेचा हक्क होता, तिच्यातील एक वंशज समुद्रापलीकडे अमेरिकेत व्हर्जिनियाला गेला होता. इंग्लंडमधील लोकांनी ती शाखा संपली असे समजून किताब सर्वांत धाकट्या शाखेला देऊन टाकला. जवळजवळ ८५ वर्षे चुकीची माणसे उमराव म्हणून बसत होती! १७६७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे उमरावांच्या सभागृहाने, हेन्री विलोबी यांचा दावा मान्य केला. दुकानदार लॉर्ड झाला. कागदावरची नाती बरोबर जुळवली की काय घडू शकते, हे ग्रॅनव्हिल यांनी स्वतः पाहिले. तो किताब पुढे १७७९ साली वारसाअभावी संपला, ही गोष्ट निराळी.

त्याच १७६७ साली दुसरी एक घटना घडली. तिच्यात कोणाचाही शजरा कामाला येणार नव्हता.

तिची सुरुवात दोन वर्षे आधीची. १७६५ साली एके दिवशी ग्रॅनव्हिल विल्यमच्या घरी गेले होते. दारात औषधासाठी उभ्या असलेल्या गरिबांत सोळा-सतरा वर्षांचा एक काळा मुलगा होता. त्याचे नाव जोनाथन स्ट्राँग. डेव्हिड लाइल नावाच्या वकिलाने त्याला वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावरून गुलाम म्हणून आणले होते. त्या मालकाने पिस्तुलाने त्याच्या डोक्यावर इतके मारले, की त्याला धड दिसत नव्हते. मग काम होईना म्हणून रस्त्यावर हाकलून दिले. शार्प भावांनी त्याला सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात ठेवले. चार महिन्यांहून अधिक काळ तो तेथे होता. बरा झाल्यावर त्यांनी त्याला एका औषधवाल्याकडे नोकरी लावून दिली.

दोन वर्षांनी मालकाने त्याला रस्त्यात पाहिले. आता मुलगा धडधाकट झाला होता, म्हणजे पुन्हा किंमत आली होती! त्याने त्याला पकडून तुरुंगात ठेवले आणि जमेकातील मळेवाल्याला ३० पौंडांना विकले. तुरुंगातून जोनाथनने ग्रॅनव्हिल यांना चिठ्ठी पाठवली. १८ सप्टेंबर १७६७ रोजी लंडनच्या लॉर्ड मेयरसमोर सुनावणी झाली. मेयर म्हणाले की मुलाने चोरी केलेली नाही, गुन्हा नाही, त्याला सोडा. तेवढ्यात जहाजाच्या कप्तानाने सर्वांदेखत जोनाथनचा दंड धरला. ग्रॅनव्हिल यांनी त्याला बजावले की या माणसावर हल्ला केल्याबद्दल मी तुझ्यावर फिर्याद करीन. कप्तानाने हात सोडला.

पुढे मालकाच्या बाजूने ग्रॅनव्हिल यांच्यावरच दावा लावला, की यांनी दुसऱ्याची मालमत्ता पळवली. त्यांचे वकील म्हणाले की कायदा मालकाच्या बाजूचा आहे, तुम्ही तडजोड करा. ग्रॅनव्हिल यांनी तडजोड केली नाही. कायद्याची पुस्तके त्यांनी तोपर्यंत उघडली नव्हती. ते तेव्हा सरकारी दारूगोळा खात्यात कारकून होते. दिवसा कचेरी आणि रात्री कायदा, असे दोन वर्षे चालले. जुने निकाल, जुने कायदे त्यांनी तपासले. विलोबींसाठी ज्या चिकाटीने कागद शोधले होते, तीच येथे कामी आली. १७६९ साली त्यांनी आपले पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडच्या भूमीवर माणसाला मालमत्ता मानता येत नाही, असे त्यात दाखवले होते. २२ जून १७७२ रोजी जेम्स सोमरसेट या गुलामाच्या खटल्यात न्यायमूर्ती मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला, की मालक गुलामाला जबरदस्तीने इंग्लंडबाहेर नेऊ शकत नाही. गुलामगिरी त्याने संपली नाही. ब्रिटिश जहाजांवरून होणारा गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद झाला आणि बहुतेक ब्रिटिश वसाहतींतून गुलामगिरी १८३४ मध्ये गेली. ते पाहायला ग्रॅनव्हिल नव्हते.

ग्रॅनव्हिल यांनी लग्न केले नाही. त्यांची वंशावळ त्यांच्यापाशीच थांबते. मग त्यांची पत्रे, टिपणे टिकली कशी? पुन्हा एका मुलीमुळे. विल्यम यांची मुलगी मेरी हिचे लग्न लॉइड-बेकर घराण्यात झाले. तिच्याबरोबर शार्प घराण्याचे कागद आणि झोफनीचे ते चित्रही त्या घराण्याकडे गेले. आज कागद ग्लॉस्टरशायर जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात आहेत आणि चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत पाहायला मिळते.

याच कागदांमुळे जोनाथन स्ट्राँगचे नावही आपल्यापर्यंत पोचले. ग्रॅनव्हिल यांचे खापरपणजोबा कोठल्या लढाईत पडले हे आपण सांगू शकतो. पण ग्रॅनव्हिल यांनी लिहून ठेवलेल्या हकिकतीत जोनाथनच्या आईवडिलांची नावे नाहीत. बार्बाडोसमध्ये गुलामांची सरकारी नोंदवही सुरू झाली ती १८१७ साली. जोनाथन १७७३ मध्येच वारला. तो पंचवीस वर्षांच्या आसपास होता. एका कागदावर शार्प घराण्याची वंशावळ काढून शेजारी जोनाथनची काढायला बसलो, तर मला एकच नाव लिहिता आले.

स्वाध्याय

१. ‘ग्रॅनव्हिल’ हे नाव कोणत्या नात्याने आले ते चार पायऱ्यांत लिहा.
२. १७१४ सालचा मृत्यू जुन्या कागदात १७१३ चा का दिसतो?
३. दादा, नाना, खाला, फुफी, मामू : या नात्यांसाठी मराठी शब्द लिहा.
४. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या घराण्याची वंशावळ तयार करा. आजी, पणजी यांची नावे विसरू नका.